सांभाळून

अप्पांनी पेन्सिलीचं मागचं टोक बाकावर दोनदा वाजवलं.

"फास्टली असा शब्दच नाही," मागे वळूनही न बघता ते म्हणाले. "फास्ट. नुसतं फास्ट. द बॉय रन्स फास्ट."

मागच्या बाकापाशी उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी नलूताई "हो, हो, फास्ट" असं पुटपुटल्या, पदर सावरला आणि खाली बसल्या. वाक्य पुरं म्हणायचं राहूनच गेलं.

"काकू, बसलात काय? चुकलं तर चुकलं," फळ्यापाशी उभी असलेली वैदेही हसून म्हणाली. "स्लोली, क्विकली, लाउडली, सगळ्यांना ली लागतं आणि हा फास्ट तेवढा बिनशेपटाचा. माझ्या ऑफिसातसुद्धा चुकतात लोक."

"ऑफिसात चुकत असतील," अप्पा म्हणाले. "आमच्या घरात नाही चुकायचं!"

वर्ग हसला. नलूताईही हसल्या, तोंडावर पदर धरून.

गिरगावातल्या त्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली होती. एका कोपऱ्यात गणपतीचा चौरंग आणि गुंडाळून ठेवलेले मखमली पडदे, उरलेल्या जागेत कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेची बाकं. दर शनिवारी दुपारी तिथे ज्येष्ठांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. तिसऱ्या मजल्यावरची वैदेही लोअर परळला नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी या म्हाताऱ्यांना हौसेने शिकवायची. रामचंद्र मयेकर बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना नातवाशी बोलायचं होतं. आनंदीबाईंनी ऐंशी ओलांडली होती, आणि डोळे मिटायच्या आत बँकेतल्या त्या शिष्ट पोरीला एकदा तरी इंग्रजीत झापायचं एवढी एकच इच्छा त्यांनी पहिल्या दिवशी सांगून टाकली होती.

राहता राहिले अप्पा गुप्ते. बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंग कंपनीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला या वर्गाची काय गरज? गरज नव्हतीच. वर्गालाच आपली गरज आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. पण सध्या त्यांचंही एक काम अडलं होतं. उद्या, रविवारी, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलगा गौतम याने परळच्या एका हॉटेलात जेवण ठेवलं होतं. सुनेच्या, ऋतिकाच्या माहेरची माणसं बंगलोरची, इंग्रजीशिवाय बोलत नसत. तेव्हा अप्पांनी उभं राहून चार शब्द इंग्रजीत बोलायचे असं ठरलं होतं. गौतमने नव्हे, अप्पांनीच ठरवलं होतं.

"वैदेही, तो माझा प्रश्न," अप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "माय वाइफ हॅज लिव्ह्ड हॅपिली विथ मी, का माय वाइफ हॅज हॅपिली लिव्ह्ड विथ मी?"

"दोन्ही चालतं, अप्पा."

"दोन्ही कसं चालेल? काहीतरी एक जास्त बरोबर असणारच."

"मग क्रियापदाच्या नंतर घ्या. कसं राहिली? हॅपिली राहिली. कसं, कशा रीतीने, हे सांगणारा शब्द शक्यतो कामाच्या मागून येतो."

"मागून," अप्पांनी समाधानाने खूण केली. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "आणि ते नुसतं बोलायचं म्हणून नाही हं. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात ना? आमच्याकडे पन्नास वर्षांत लागलेलं नाही. विचारा हिला. मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही."

"खरंच," मागून नलूताई म्हणाल्या. "कधीच नाही."

आणि ते खरंच होतं. अप्पांनी नलूताईंवर हात उगारला नव्हता, शिवी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता. चाळीत बाकीच्या खोल्यांमधून काय काय ऐकू येई! त्यामानाने गुप्त्यांची खोली म्हणजे देवघर. अप्पांना या गोष्टीचा फार अभिमान होता.

"चला, आता खेळ," वैदेहीने टाळी वाजवली. "नुसतं ली-ली करून काही डोक्यात राहणार नाही. एकाने बाहेर जायचं. बाकीच्यांनी मिळून एक शब्द ठरवायचा. बाहेरचा आत आला की त्याने एकेकाला काहीही काम सांगायचं, आणि ते काम त्या शब्दासारखं करून दाखवायचं. क्विकली ठरलं असेल तर भरभर. लेझिली असेल तर आळसटल्यासारखं. बघून शब्द ओळखायचा. कोण जातं बाहेर?"

कोण जाणार, हे विचारायलाच नको होतं. अप्पा चपला घालून निघालेसुद्धा.

बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून त्यांनी आतली खुसखुस ऐकली. आनंदीबाईंचा आवाज मोठा होता, पण शब्द कळला नाही. अप्पांनी चोरून ऐकायचा प्रयत्नही केला नाही. चोरून ऐकायची गरज दुसऱ्यांना.

"या, अप्पा!"

ते आत आले, जॅकेट नसतानाही जॅकेट ओढल्यासारखं करून वर्गासमोर उभे राहिले.

"मिस्टर मयेकर, गिव्ह मी अ तिकीट. त्या रीतीने."

रामचंद्र उठले. नसलेल्या पेटीतून नसलेलं तिकीट काढलं, उजेडाकडे धरून पाहिलं, पंच केलं, पुन्हा पाहिलं. सुटे पैसे एकेक करून अप्पांच्या तळहातावर ठेवले आणि वर अप्पांची मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

"परत मोजून घ्या हां, साहेब."

"गप्प राहा हो, बोलायचं नाही!" आनंदीबाई ओरडल्या.

"आनंदीबाई, तुम्ही निरांजन लावा."

आनंदीबाईंनी थरथरत्या हाताने काडी ओढली, ज्योतीभोवती तळहाताचा आडोसा केला आणि श्वास रोखून ती हळूहळू वातीकडे नेली. हाताला कंप होता, पण नसलेली ज्योत काही विझली नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

अप्पांना शब्द कळला होता. केअरफुली. दुधखुळ्यालाही कळला असता. पण एवढ्यात सांगून टाकण्यात मजा काय? मागच्या बाकावर नलू अंग चोरून बसली होती. तिला वगळलं असतं तर बरं दिसलं नसतं, आणि वगळलं नाही तर ती गोंधळ घालणार हेही ठरलेलं. अप्पांना जरा गंमत करावीशी वाटली.

"आता मिसेस गुप्ते. ब्रिंग मी टी. त्याच रीतीने."

"मला नाही हो जमायचं," नलूताई म्हणाल्या.

"जमतं, काकू. नेहमी करता तेच करायचं," वैदेहीने आपली खडूची डबी त्यांच्या हातात दिली. "हा कप."

अप्पा खुर्चीवर बसले, पाय लांब केले आणि हातात पेपर धरल्याचा आव आणला. ते पाहून वर्ग आधीच हसायला लागला होता.

नलूताई डबी घेऊन निघाल्या. पायातल्या चपला त्यांनी बाकाखालीच काढून ठेवल्या होत्या. टाच न टेकवता, चवड्यांवर त्या बाकांमधून आल्या. उजव्या हातात डबी, डावा तळहात तिच्याखाली. अप्पांच्या बाजूच्या टेबलाशी येऊन त्या वाकल्या. आधी त्यांनी उजव्या हाताची करंगळी टेबलाला टेकवली, मग त्या करंगळीवर डबी उतरवली आणि करंगळी अलगद काढून घेतली. डबी पत्र्याची, टेबल लाकडाचं. पण आवाज म्हणून झाला नाही. या सगळ्या वेळात त्यांची नजर डबीवर नव्हतीच. ती अप्पांच्या चेहऱ्यावर होती.

मग त्या तशाच, पाठ न वळवता, मागे सरकल्या. दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वाट बघत राहिल्या.

अप्पांनी गमतीने डबी उचललीच नाही. पेपर वाचल्यासारखं करत राहिले. नलूताई हलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला आणखी एकदा वेढलं गेलं. हसणारा वर्ग केव्हातरी हसायचा थांबला. शेवटी अप्पांनी डबी उचलून ओठांना लावली, तेव्हा चौकटीपाशी एक श्वास सुटलेला पहिल्या बाकालाही ऐकू आला.

अप्पा खुर्चीतून उठले. केअरफुली? छे! आपण फसलो होतो म्हणायचं. तिकीट काय, निरांजन काय, ते काहीही असू शकलं असतं, पण हे इतकं स्पष्ट होतं की शंकाच नको. एवढं चांगलं तर रामचंद्रालाही करता आलं नव्हतं. शाब्बास नलू!

"कळला!" ते बोट उंचावून म्हणाले. "फिअरफुली! भीत भीत!"

कुणीच टाळी वाजवली नाही.

"चुकलात, अप्पा," वैदेही म्हणाली. तिचा आवाज उगाच हलका झाला होता. "केअरफुली होतं. सांभाळून."

"असं कसं? हिने तर..." अप्पा नलूताईंकडे वळले.

नलूताईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझंच चुकलं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तरी मी म्हटलं होतं मला नाही जमायचं. सांभाळून म्हणाले सगळे, म्हणून मी आपलं घरी रोज करते तसं केलं."

वरचा पंखा फिरत होता. आनंदीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. रामचंद्र मयेकर एरवी अप्पांची एकही चूक सोडत नसत. त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहायचं काढलं. वैदेहीने वर्गाकडे पाठ केली आणि डस्टर शोधू लागली. डस्टर तिच्या हातातच होतं.

अप्पा उभेच होते. बोट अजून वर होतं हे त्यांच्या ध्यानात आलं तसं त्यांनी ते खाली घेतलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्यांनी ती चारचौघांत उघडली होती, आणि वर आत काय आहे तेही स्वतःच्याच तोंडाने, चांगलं खणखणीत इंग्रजीत सांगितलं होतं.

वर्ग सुटल्यावर ते कुणासाठी थांबले नाहीत. दर शनिवारी रामचंद्रांबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन केळी घ्यायची, आज सरळ जिन्याकडे वळले. दोन मजले चढायचे. मागून नलूताईंची पावलं येत होती की नाही हे कळेना, म्हणून ते मधल्या वळणावर थांबून मागे बघू लागले. त्या दोन पायऱ्या खाली होत्या आणि त्याही थांबल्या.

"पुढे हो," अप्पा म्हणाले.

"तुम्ही व्हा ना."

अप्पा पुढे झाले.

घरी येऊन ते खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसले. आतल्या खोलीत नलूताईंनी चहा टाकला असणार, कारण आल्याचा वास आला. आवाज मात्र कसलाच आला नाही. गॅसचा लायटर, पातेलं, कपाटाची कडी, काहीच वाजलं नाही. शेजारच्या खोलीतला कुकर ऐकू येत होता, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तीही ऐकू आली.

अप्पा आठवू लागले. आठवायला फार खोदावं लागलं नाही, हेच वाईट होतं.

लग्न होऊन अलिबागहून आली तेव्हा ही खळखळून हसायची. भांडी घासतानाही बडबड चालू असायची, एकेक भांडं दणकन पालथं घालायची. अप्पा काही बोलले नव्हते. बोलायचे कशाला? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. त्यांनी तर शब्दही वापरला नव्हता. बशी वाजली की पेपरवरून नुसते डोळे वर करायचे. चहा सांडलेला असला तर कपाला हात लावायचा नाही. चहावर साय धरायची, नलू दारात उभी राहायची, आणि अप्पा पेपर घडी करून शर्ट चढवून ऑफिसला जायचे. संध्याकाळी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा गौतम लहान असताना तिच्या हातून काचेची बरणी फुटली होती. त्या वेळी अप्पा किती दिवस बोलले नव्हते? त्यांना आठवेना. तिला आठवत असेल.

सोप्पं होतं सगळं. आवाज चढवावा लागलाच नाही.

नलूताई कप घेऊन आल्या. अप्पांनी या वेळी पेपर धरला नव्हता. ते तिच्या हाताकडे बघत होते. ती वाकली. करंगळी आधी स्टुलाला टेकली, मग बशी खाली आली, मग करंगळी निघाली. करंगळीच्या पेरावर एक जुना काळपट घट्टा होता. पन्नास वर्षांत तो त्यांनी पाहिला नव्हता. अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नलू."

"ओ?" त्या चौकटीकडे सरकता सरकता थांबल्या.

"बस ना जरा."

नलूताईंनी ओले हात पदराला पुसले. "काय झालं?"

"काही नाही. बस म्हटलं."

त्या पलंगाच्या अगदी कडेवर टेकल्या. "साखर जास्त पडली का?"

"छान झालाय चहा," अप्पा म्हणाले. कप अजून स्टुलावरच होता हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

नलूताईंच्याही आलं होतं. त्या कपाकडे बघत होत्या, मग अप्पांकडे. त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? छातीत वगैरे... गौतमला फोन लावू?"

"नाही गं."

"मग असं का बोलताय?"

कसं बोलतोय, हे अप्पांना विचारता आलं नाही. खिशातल्या कागदाची घडी बोटांना लागत होती.

"नलू, तू माझ्याबरोबर सुखात राहिलीस ना?"

बायको इतकी घाबरलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. किंवा रोज पाहिली होती. त्या उठून उभ्या राहिल्या. "काय चुकलं का माझं? वर्गातलं मनावर घेतलंत ना तुम्ही? मी सगळ्यांना सांगितलं, माझंच चुकलं म्हणून. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगते. मला इंग्रजीतलं काय कळतंय? मी येतच नाही हवं तर, तुम्ही एकटे..."

"नाही, नाही," अप्पांनी हात वर केला आणि तिला मागे सरकताना पाहून तो पटकन मांडीवर घेतला. आता काय सांगायचं? कुठलंही गोड वाक्य या बाईला भीतीच घालणार होतं. "भाषणासाठी विचारलं," ते म्हणाले. "उद्याच्या. ते वाक्य आहे ना, त्याच्यासाठी."

नलूताईंचे खांदे खाली आले. चेहऱ्यावर रंग परतला. "अगोबाई, भाषणासाठी होय! केवढी घाबरले मी!" त्या चक्क हसल्या. "मग लिहा की. तुम्ही लिहिलंत म्हणजे बरोबरच असणार."

आणि त्या आत गेल्या.

अप्पांनी कागद काढला. हॅपिली अगदी योग्य जागी होतं, क्रियापदाच्या मागून. त्यांनी पेन्सिल काढली. खोडण्यासाठी ती शब्दावर टेकवली आणि मग वाटलं, खोडून काय लिहायचं? खरा शब्द तर दुपारीच सापडला होता, आणि तो उद्या बंगलोरच्या पाहुण्यांपुढे म्हणायची छाती त्यांच्यात नव्हती. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली.

चहावर साय धरू लागली होती. ती बघून अप्पा दचकलेच. घाईघाईने त्यांनी कप उचलला, एका दमात अर्धा चहा तोंड पोळत संपवला आणि खाली ठेवला. ठेवला कसला, आदळला. मुद्दाम. या घरात एकदा तरी, आपल्याच हातून, आवाज व्हावा म्हणून. बशी स्टुलावर खणखणली, चमचा उडून फरशीवर टणटणत गेला, चहा सांडला.

"माझंच चुकलं हं!" आतून त्याच क्षणी आवाज आला. "कडेला ठेवला गेला असेल माझ्याकडून!"

"नलू, मी वाजवला. मी मुद्दाम..."

पण नलूताई फडकं घेऊन बाहेर आल्याही होत्या. "असू दे, असू दे. माझंच लक्ष नव्हतं," असं म्हणत त्यांनी चमचा उचलला, स्टूल पुसलं, बशीतला चहा टिपून घेतला. मग कपबशी दोन्ही हातांनी उचलून पुन्हा अप्पांच्या समोर ठेवली. आधी करंगळी टेकली, मग बशी.